धम्मीच्या नावाचं तास

इंझोरी
२८ जून २०२५

चिरंजीव धम्मीले आजीचा जयभीम अन् गालाचा एक मुका.

तुहं पत्र पोस्टमननं दुपारी देल्लं. मी तवा तुरीची दाळ निवडून राह्यली व्हती. उभ्यानंच फोडलं अन् वाचता वाचता खाली बसली. भिंतीपलीकडची पौर्णिमा धावत आली, तिले वाटलं म्हातारीले भोवळ आली. मी तिले कागद दाखवला अन् त्या ओळीवर बोट ठेवलं. मंग ती बी बसली. दोघी त्या दाळीतच बसलो, निवडलेली अन् न निवडलेली एक झाली. रात्री तसंच वरन शिजवलं, दोन खडे लागले दाताले. लागू दे.

तिसरा महिना लागेपर्यंत सांगितलं नाही म्हनतं, बरं केलं. पौर्णिमाच्या मोबाईलवर सांगितलं नाही थे त्याहून बरं केलं. माह्ये कान आता गेल्यातच जमा. फोनवर सांगायचं म्हनजे तू पौर्णिमाले सांगनार, पौर्णिमा माह्या कानात वरडनार अन् सारी गल्ली ऐकनार. तू चौथीत होती, तुही माय नुकतीच गेली व्हती, तवा संध्याकाळी तू मले पाटीवर अक्षरं शिकवायची. मी 'ठ' उलटा काढला का माह्या हातावर छडी मारायची. थे आता कामी येऊन राह्यलं.

आता कामाचं ऐक. माह्या सासूचा एक रिवाज व्हता. घरच्या लेकीले दिवस गेले का त्या साली पेरनीत तिच्या नावाचं जवारीचं एक तास पेरायचं. तास म्हनजे एकच ओळ, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांध ते बांध. त्याचा पह्यला हुरडा लेकीनं खायचा, मंग बाकीच्यानं. देवादिकाचं सारं सासऱ्यानं छप्पन साली सोडलं, पन हे काही देवाचं नाही, वावराचं हाये, म्हनून सासूनं राहू देल्लं.

आपलं वावर तर तुले मालूमच हाये, जगदेवकडे बटईनं हाये. त्यानं ट्रॅक्टरनं सोयाबीन पेरायले घेतलं. मी म्हनलं, जगदेव, मधातलं एक तास मले सोड. थो म्हने, "माय, जवारी आता पेरते कोन? साऱ्या शिवारात तुहं एकच तास राहीन, तालुक्याचे पोपट जेवाले येतीन." म्हनलं येऊ दे, पाहून घेईन. बी सोडायच्या नळीचं सरतं बांधलं अन् माह्या हातानं पेरलं. आज चार दिवस झाले, काल पानी बी पडला. अजून वर काही दिसत नाही. आमच्यात दिसल्याबिगर कोंब म्हनत नसतात. कोनी इचारलं तर म्हनायचं, जमिनीत हाये. तू बी सध्या तेवढंच म्हन.

तुही आजी, रुख्मिणी

पुणे
९ जुलै

प्रिय आजीस, धम्मदीपाचा जयभीम.

तुझं पत्र अश्वजितला वाचून दाखवलं. तो त्याच्या आईला फोन करून सांगत होता की आमच्याकडं किन्हीराजाला असला रिवाज नाही, इंझोरीची माणसं जास्त हौशी दिसतात. सासूबाई तिकडून म्हणाल्या, हौशी नाहीत, रिकाम्या आहेत. तुला राग येणार नाही म्हणून लिहिलं.

मी बरी आहे. सकाळी उलट्या होतात. अश्वजितची या महिन्यात रात्रपाळी आहे, तो येतो तेव्हा मी निघते आणि मी येते तेव्हा तो निघतो. चौथ्या मजल्यावर आमच्यासकट चार दारं आहेत, चारही बंद. एका दारामागं कुत्रा आहे एवढं माहीत आहे.

कंपनीत काम तेच, शेतकऱ्यांच्या मोबाईलवर पिकाचे संदेश पाठवायचे. काल मी लिहिलं, 'सोयाबीन दोन पानांवर आलं असेल तर'. साहेबांनी खोडून 'पीक रोपावस्थेत असल्यास' केलं. म्हणाले, सगळ्या जिल्ह्यांत कळलं पाहिजे. मला हसू आलं. त्या संदेशात जगदेवकाकांचा नंबर पण आहे.

तास उगवलं का? आणि आता मी काय म्हणू? चौथा लागला.

तुझी धम्मी

इंझोरी
२४ जुलै

चिरंजीव धम्मीले आजीचा जयभीम.

उगवलं. पाचव्या दिवशी सकाळी गेली तर साऱ्या तासात हिरव्या सुया. मी खाली बसून पाह्यल्या, मंग उठता येईना, धुऱ्यावरचा दगड धरून उठली. दोन जागी खाडे पडले व्हते, तिथं पुन्हा दाने टाकले. आता जवारी गुडघ्याले लागली. मधातून पोंगा निंगतो, पानाची सुरळी, थो पोंगा हालवायचा नसतो, त्यातच सारं राह्यते. जगदेवच्या पोरीनं खेळता खेळता एक उपटला, मी तिले रागावली नाही, पन तिचा बाप रागावला, म्हने आजीचं तास हाये थे, हात लावू नको. पाह्य, थोच हसत व्हता.

तुही सासू रिकामी म्हनते थे खरंच हाये. मले काम काय? सकाळी भाकर, मंग वावर, संध्याकाळी विहार. वर्षावासाचं वाचन सुरू हाये. मले काही ऐकू येत नाही. पौर्णिमा वाचते, तिचे ओठ हालतात थे पायते. सारे बसतात म्हनून मी बी बसते, सारे हात जोडतात तवा जोडते. घरी येऊन कोनासंग बोलावं तर बकरी. ती बी गाभन हाये. तिच्यासाठी गाभन, कनीस पोटात धरनाऱ्या जवारीसाठी पोटरी, तुह्यासाठी दिवस, अशे तीन घरचे तीन शब्द घेऊन मी बसली हाये. माह्या सासूले कोनी बाईले गाभन म्हनलेलं खपत नसे, म्हने जनावर हाये का ती?

आता मुद्द्याचं. बाळंतपन माहेरी. तुहे माय-बाप नाहीत तर मी हाये. सातव्यात ये. दसऱ्याच्या आसपास हुरडा येते, तवाच ये, म्हनजे हुरडा बी होते. मधातली खोली सारवली. खाटेची नवार जगदेवनं ओढून देल्ली. शेपा, डिंक, गोडंबी आनून ठेवली. गोधडी शिवायले घेतली, माह्या दोन लुगड्यांची अन् तुह्या मायच्या एका साडीची, जांभळी, तुले आठवते का. नवं कापड लावलं नाही, लेकराले जुनं मऊ राह्यते.

हालते का पोटात? पाचव्याच्या आत नाही समजत, पन तू पातळ हाये, तुले लवकर समजीन. कळव.

तुही आजी

पुणे
१९ ऑगस्ट

प्रिय आजीस जयभीम.

पत्राला उशीर झाला. मी कामावरून दोन आठवडे सुट्टी घेतली होती. डॉक्टरांनी आराम सांगितला आहे. काळजीचं काही नाही. अश्वजितनं रात्रपाळी बदलून घेतली.

हालचाल विचारलीस. जाणवत नाही.

गोधडीची घाई करू नकोस. तुझे डोळे सांभाळ. इथं पाऊस लागून आहे. कुत्र्याचं नाव कळलं, ब्रूनो.

तुझी धम्मी

इंझोरी
३० ऑगस्ट

चिरंजीव धम्मीले आजीचा जयभीम अन् मुका.

तू घाबरली दिसतं, म्हनून लगेच लिहून राह्यली. काही भेवाचं नाही. जवारी सध्या पोटरीत हाये. आता पोटरीतली जवारी तू लहानपनी पाह्यली हाये, पन तवा तुहं ध्यान बोरांकडे राहे. पोटरीत आली का आठ दहा दिवस वरून काहीच बदलत नाही. उंची वाढत नाही, पान वाढत नाही, नवीन मानसाले वाटते जवारी थांबली. पन वरच्या पानाच्या नळीत हात लावून पाह्य, आत कनीस बसलेलं राह्यते, फुगलेलं. तसंच हाये तुहं. जानवत नाही म्हनजे आत बसून कनीस भरून राह्यलं. तुह्या बापाच्या वक्ताले मले बी उशिरा समजलं व्हतं. मी पोस्टाच्या रस्त्यावर सापडन त्या बाईले सांगितलं का पोरीले डाक्टरनं आराम सांगितला, सारी सेवा करून घेऊन राह्यली, चांगला नवरा भेटला.

गोधडी झाली. डोळ्याचं काय, टाके थोडे वाकडे गेले, थे लेकरू पाहनार नाही. जगदेवचा भाचा रामकिसन पुन्याले जाऊन राह्यला, त्याच्याजवळ देल्ली. संग लाडू हायेत. रामकिसनले च्या पाजजो, थो बोलत नाही पन च्या पेते.

पौर्णिमानं विहारात साऱ्यांच्यासमोर सांगितलं का यंदा इंझोरीत एक लेकरू वाढनार. सारे माह्याकडे पाहून हासले तवा मले समजलं का माह्यं काही बोलून राह्यले. मी हात जोडले.

मी एक तेलाचा पत्र्याचा डबा धुऱ्यावर नेऊन ठेवला. कनीस बाहेर आलं, निसवली, का पाखरं येतीन. खांदा दुखते, गोफन आता फिरत नाही, डबा वाजवीन.

माह्या हातची खोली तयार हाये. चादर पसरली अन् रोज झाडून ठेवते. काल संध्याकाळी उगीच तिथं जाऊन बसली घटकाभर.

तुही आजी

इंझोरी
१८ सप्टेंबर

धम्मीले आजीचा जयभीम.

तुहं पत्र नाही. रामकिसन परत आला, म्हने गोधडी देल्ली, ताई बऱ्या हायेत. बऱ्या म्हनजे कशा, मी इचारलं. थो म्हने बऱ्या. इतकंच बोलला. च्या पेला म्हने.

जवारी निसवली. कनसं बाहेर आले, फुलोरा झाला अन् आता चीक भरून राह्यला. दाना दाबला का पांढरं दूध येते. आता पाखरं. जगदेव म्हनला तसंच झालं, साऱ्या शिवारात सोयाबीन, जवारीचं हे एकच तास, तर पोपटाले जशी पत्रिका गेली. सकाळी उजाडल्याबरोबर येतात, हिरवेगार, कनसावर उलटे लटकतात. मी डबा वाजवते. मले वाटते हळूच वाजवून राह्यली. परवा जगदेव आला, हात हालवून हालवून सांगे, "माय, अर्धं इंझोरी उठलं. सोयाबीनच्या शेंगा गळतीन तुह्या आवाजानं." मी म्हनलं, तुह्या सोयाबीनच्या पापड्या हायेत अजून, दाना भरला नाही, त्या कायच्या गळतात. थो हासत गेला. जाताना खताच्या पोत्याची खोळ देऊन गेला, पान्यात डोक्यावर घ्यायले.

पानी रोज हाये. पाखरू पान्यात बी येते, मंग मले बी बसावं लागते. थोडा ताप आला व्हता, गेला, आता खोकला हाये. पौर्णिमा रागावते, ओठावरून समजते का रागावून राह्यली, पन शब्द समजत नाहीत म्हनून मले लागत नाही. ती मोबाईलमधे फोटो काढून गेली माह्या खोळीचा.

दसऱ्याले पंधरा दिवस राह्यले. कोनती गाडी धरनार थे लिही. सातवा लागायले आला असन आता.

तुही आजी

पुणे
२५ सप्टेंबर

आजी,

हे पत्र घरात एकटी असताना वाच. वावरात नको.

बाळ नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेलं. तपासणीला गेलो होतो, डॉक्टर पडद्याकडं बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, वाढ दिसत नाही. मी म्हटलं, कधीपासून. त्या म्हणाल्या, झाले असतील काही दिवस. म्हणजे मी तुला पत्र लिहायला बसले होते आणि तुझं गोधडीचं पत्र वाचत होते तेव्हा आत काही नव्हतं. दवाखान्यात ठेवून घेतलं. मुलगी होती. मी पाहिली नाही, अश्वजितनं पाहिली.

कामावर परत गेले त्या दिवशी सोयाबीनच्या फुलगळीचा संदेश लिहायचा होता. 'फुलगळ होत असल्यास घाबरून जाऊ नये.' लिहिला. साहेबांनी एक शब्दही खोडला नाही. जगदेवकाकांनाही गेला असेल.

तुला सांगायचं होतं. पेन घेऊन बसायचे. पण तुझ्या पत्रांत ती अजून होती. या घरात कुठं नव्हती, तुझ्या पत्रांत रोज थोडी वाढत होती. मी तुला पोटरीचं लिहू दिलं. दोन दोनदा वाचलं. रामकिसन आला तेव्हा मी ओढणी पुढं घेऊन दारात उभी राहिले, की त्यानं तुला काही सांगू नये.

सासूबाई म्हणतात, पुढच्या वर्षी होईल. शेजारची म्हणते, बरं झालं लवकर झालं. कामावरच्या म्हणतात, वय आहे अजून. सगळे पुढचं बोलतात. जे होतं त्याला काय म्हणायचं ते कोणी सांगत नाही. मला कोणी विचारलं तर मी काय सांगू, आजी? काहीच नव्हतं असं सांगू?

पौर्णिमाकाकूंनी तुझा फोटो पाठवला. पोतं डोक्यावर घेऊन डबा हातात. तुला ताप आहे आणि तू माझ्यासाठी पावसात बसली आहेस, आणि ज्याच्यासाठी बसली आहेस ते नाही. ते तास सोडून दे. खाऊ दे पोपटांना. दसऱ्याला मी येत नाही. बाळंतपणाला यायचं होतं, रिकाम्या हातानं कशी येऊ? खोलीतली चादर काढून ठेव.

धम्मी

इंझोरी
३ ऑक्टोबर

धम्मी,

पत्र परवा भेटलं. तू म्हनली तसं दार लावून वाचलं. मंग चिमनी विझून गेली व्हती तरी बसून राह्यली. लाइट गेली व्हती का मीच लावली नाही थे आठवत नाही.

सकाळी वावरात गेली. डबा हातात घेतला नाही. पोपट आले, बसले, खाऊ लागले. मी पाहत राह्यली. दाने खाली पडत व्हते अन् खाली मुंग्या नेऊन राह्यल्या व्हत्या. थोड्या वेळानं जगदेव धावत आला. मी इचारलं काय झालं, तर थो म्हने डबा वाजला नाही म्हनून आलो. माह्या तोंडाकडे पाह्यलं. डबा उचलला अन् स्वतः वाजवत बसला, पार ऊन चढेपर्यंत. पोपट गेले. मंग थो त्याच्या सोयाबीनच्या सोंगनीले गेला. मी त्याले काही सांगितलं नाही, कोनालेच सांगितलं नाही. तू सांगशीन तवा सांगशीन.

माह्यं चुकलं का मी पोटरीचं लिहिलं. तू जानवत नाही लिहिलं तवाच समजायले पाह्यजे व्हतं. माह्या डोळ्यावर आनंदाची झापड व्हती. तू मले थांबवलं नाही, तुह्या जागी असती तर मी बी थांबवलं नसतं.

तू इचारलं, जे होतं त्याले काय म्हनायचं. मले जास्त शब्द येत नाहीत. आपल्याकडे बाया म्हनतात गळालं, कोनी म्हनते वाया गेलं. वाया मले कधी पटलं नाही. मी दोन दिवस त्याच इचारात व्हती, भाकर बी करपली. माह्यं म्हननं असं हाये. पेरनी झाल्यावर जगदेव वावरात फिरून उगवन पायते. जे जे जमिनीतून वर आलं, थे थे उगवलं. मंग त्यातलं काही पान्यानं बसते, काही पाखरू खुडते, काही उगीचच जाते, कारन समजत नाही. तरी थे उगवलंच नव्हतं असं कोनी शेतकरी म्हनत नाही. तुहं उगवलं व्हतं धम्मी. कोनी इचारलं तर तसंच सांगजो. पोरगी उगवली व्हती, राह्यली नाही. नसेन सांगायचं तर नको सांगू, पन काहीच नव्हतं असं तोंडातून काढू नको.

जमिनीले बी कोनी बोल लावत नाही. काळी माती तीच राह्यते. तुही सासू पुढच्या सालाचं बोलते थे तिच्या जिभेले सोपं पडते म्हनून. तिचा राग धरू नको, अन् तिचं ऐकू बी नको.

आता तास. थे मी सोडत नाही. तुह्या पत्रात तू लिहिलं का ज्याच्यासाठी बसली थे नाही. पोरी, तू माह्यं पह्यलं पत्र नीट वाचलं नाही. थे तास लेकराच्या नावाचं नव्हतं. माह्या सासूनं कधी पोटातल्याच्या नावानं पेरलं नाही, लेकीच्या नावानं पेरलं. लेक तर हाये. मंग मी कोनासाठी बसली?

अन् रिकाम्या हातानं कशी येऊ म्हनतं. बाळंतपन कच्चं असलं तरी बाळंतपनच. हाडं तितकीच सैल होतात, पाठ तितकीच दुखते, त्याले तेल लागते, शेक लागते, शेपा लागते. पुन्यात तुले कोनी तेल लावलं? मले मालूम हाये का नाही. दोन महिने झाले म्हनून काय झालं, अंग अजून मागत असन. माहेर पाळन्यासाठी नसते, पोरीसाठी असते. चादर मी काढली नाही. दाने घट्ट होऊन राह्यले, आठ दहा दिवसांत हुरडा होते. त्याच्यानंतर कडक होते, मंग नुसती जवारी.

ये. न आली तरी मी रागावनार नाही, पन ये.

तुही आजी, रुख्मिणी

पुणे
९ ऑक्टोबर

आजी,

रविवारी रात्रीच्या गाडीनं निघते. सोमवारी सकाळी वाशिमला, तिथून पुढं जी मिळेल ती. अश्वजित सोडायला येतो म्हणाला, मी म्हटलं एकटी जाते. त्यानं मग स्वतःच्या हातानं गोधडी पिशवीत घातली.

पौर्णिमाकाकूंना मीच सांगेन. तू काही बोलू नकोस.

धम्मी

इंझोरी
२० नोव्हेंबर

चिरंजीव धम्मीले आजीचा जयभीम अन् दोन मुके, एक अश्वजितले देजो.

तू गेली त्याले आठ पंधरा दिवस होत आले. घर अजून तुह्याच जागी हाये. मी दोन भाकरी करते अन् मंग एक बकरीले देते. ती व्याली, दोन पिल्लं हायेत, एक काळं अन् एक पांढऱ्या कानाचं. पोहरादेवीहून पौर्णिमाचा भाऊ आला व्हता, थो काळं मांगत व्हता, म्हनलं थोडं मोठं होऊ दे.

तुले एक सांगायचं राह्यलं. पह्यल्या दिवशी मी तुह्या पाठीले तेल लावून ऊन पानी टाकत व्हती तवा तू रडली. मले ऐकू आलं नाही. पन माह्या हाताखाली पाठ हालत व्हती, म्हनून समजलं. मी पानी टाकत राह्यली, बंब रिकामा झाला तरी. तुले वाटलं असन म्हातारीले समजलं नाही. समजलं.

हुरड्याच्या दिवशी तू हासली थे मी तिथं बसून पाहून घेतलं. जगदेव गोवऱ्यावर कनसं भाजत व्हता, हात पोळला अन् कनीस उडून पौर्णिमाच्या चटनीत पडलं. पह्यला घास तूच खाल्ला. जगदेवच्या पोरीनं मांगितला तर त्यानं तिले थांबवलं, म्हने ताईचं तास हाये. थे मी ओठावरून वाचलं.

आता बाया मले धुऱ्यावर, पिठाच्या गिरनीवर इचारतात, धम्मीचं पुन्हा कवा? तू पौर्णिमाले सांगितलं अन् पौर्णिमानं साऱ्यांले, म्हनून साऱ्यांले मालूम हाये. वाईट मनानं नाही इचारत, पन इचारतात. मले ऐकू येत नाही म्हनून मोठ्यानं इचारतात. काल दुर्गाबाईनं गिरनीवर इचारलं. तवा मले एक आठवलं, थे तुले सांगते. हरभऱ्यासाठी जगदेवनं सारं वावर वखरलं. तुहं तास मी त्याले वखरू देल्लं नाही. थो म्हने, "माय, ट्रॅक्टर सरळ चालते, तुह्या तासाले वळसा घालत बसू का?" म्हनलं घाल. तर त्यानं घातला. आता त्या कापलेल्या खुंटाले बुडातून नवी फूट आली हाये, पोपटी, बोटभर. बकरी रोज तिकडे ओढते. मी तिले दाव्यानं आखूड बांधली. थ्या कोवळ्या फुटीनं जनावराले किराळ लागते, फुगून मरते. थोडी मोठी झाली, कनसावर आली, का मंग काही होत नाही. म्हनून मी दुर्गाबाईले म्हनलं, कोवळ्या फुटीवर कोनी जनावर सोडत नाही, तू तोंड कायले सोडून राह्यली? तिले राग आला. दळन घेऊन गेली, माह्यं चाळनं बी घेऊन गेली.

थे तास असंच राहीन. थंडी वाढली का आपसूक वाळीन, नाहीतर वाढीन. मी काही करनार नाही.

संध्याकाळी विहारात जायचं आता बंद झालं, वाचन संपलं. सहा वाजताच अंधार पडते. दुपारपासून मी दारात बसते, पोस्टमनची गाडी वळनावर दिसते, थो हात हालवून नाही म्हनते अन् पुढं जाते. थो चांगला मानूस हाये, नाही म्हनायले बी थांबते.

तुले काम असते, मले समजते. लिहायले काही नसलं तर नको लिहू. कागद कोरा टाकला तरी चालते, वर पत्ता तेवढा तुह्या हातानं लिहीजो. तुह्या हाताचा 'इ' मले लांबून ओळखू येते, पाकीट न फोडता बी मी बसून घेईन त्याच्यासंग घटकाभर.

तुही आजी
रुख्मिणी